माळरानाची फेलोशिप: विद्यावेतनाआधी वर्षाचे वेळापत्रक विचारा

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात माळरानांच्या अधिवास पुनर्स्थापनेचे काम करणाऱ्या एका संस्थेने तुम्हाला बारा महिन्यांची फेलोशिप देऊ केली आहे. तिचे विद्यावेतन दरमहा २२ हजार रुपये असून मुदत जुलै ते जून अशी आहे. दुसरीकडे शहरातील एका लँडस्केप कंपनीत ३० हजारांची नोकरी मिळते आहे. फेलोशिप म्हणजे नोकरी नव्हे आणि वर्ष संपल्यावर हातात काहीच उरणार नाही, असे घरच्यांचे म्हणणे आहे. अशा फेलोशिपमध्ये खरोखर काय शिकायला मिळते, ती चांगली आहे हे कसे ओळखायचे आणि पुढे या कामावर पोट भरेल का, हे तुम्ही विचारले आहे.

मी या कामात पंचवीसहून अधिक वर्षे आहे आणि गेली काही वर्षे फेलोंच्या निवडीतही असतो. त्या अनुभवावरून सांगायचे, तर फेलोशिप घ्यावी असेच माझे मत आहे, पण आज ज्या मुदतीत ती देऊ केली आहे त्या मुदतीत घेऊ नये. जुलै ते जून या मुदतीचा आग्रह सोडून पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर संपेपर्यंत, म्हणजे दोन पावसाळे पाहता येतील इतकी मुदत मागा. विद्यावेतनाच्या आकड्यापेक्षा ही मागणी मला महत्त्वाची का वाटते, हे समजावून सांगतो.

जुलैत रुजू होणारी व्यक्ती थेट लागवडीच्या धांदलीत येऊन पडते. खड्डे खोदून झालेले असतात, रोपवाटिकेतून रोपांचा टेम्पो आलेला असतो आणि तिच्या हाती मोजणीची वही दिली जाते. कोणती जात लावायची, बी कुठल्या डोंगरावरून आणायचे, कोणत्या जागेला हातच लावायचा नाही, हे निर्णय त्याआधीच्या आठ महिन्यांत घेतलेले असतात. पुढच्या जूनमध्ये, म्हणजे तिने स्वतः गोळा केलेले बी नुकतेच मातीत पडते तेव्हा, तिची मुदत संपते. थोडक्यात, पहिल्या वर्षी ती दुसऱ्याच्या निर्णयाची लागवड पाहते आणि स्वतःच्या निर्णयाचे फळ पाहण्याआधी घरी जाते. यात संस्थांचा दोष नेहमीच असतो असे नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात मंजूर होतो, बरेचदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हाती येतो आणि मार्चअखेर खर्ची पडावा लागतो. पावसाचे वर्ष मात्र मृगापासून सुरू होते. या दोन वर्षांचा मेळ बसत नाही, आणि त्या फटीत सर्वांत आधी प्रशिक्षण सांडते.

म्हणून संस्थेला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ऑक्टोबर ते मे या महिन्यांत फेलो काय करतात. अहवाल लिहितात, शाळांमध्ये कार्यक्रम घेतात, समाजमाध्यमांसाठी छायाचित्रे काढतात, असे उत्तर मिळाले तर सावध व्हा. माळरानाचे खरे काम त्याच आठ महिन्यांत असते. हस्ताचा पाऊस सरला की गवते पिकू लागतात. शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कुसळी या प्रत्येकाचे बी वेगळ्या आठवड्यात तयार होते आणि एकदा झडू लागले की हाती काही लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढायचे असतात. जानेवारीपासून वणव्यावर लक्ष ठेवायचे आणि त्याच काळात घाणेरीची (लँटाना) फोफावलेली झुडपे काढायची. मार्चपासून झाडांचे बी सुरू होते. अंजनाचे बी उन्हाळ्यात पिकते, पण भरपूर बी येण्याचे वर्ष काही वर्षांतून एकदाच उगवते, तेव्हा ते वर्ष ओळखून साठा करावा लागतो. कडुनिंबाचे बी पिकल्यावर जेमतेम काही आठवडे जिवंत राहते, त्यामुळे ते साठवण्याचा विचारच करायचा नसतो. हे ज्ञान पुस्तकात आहे, पण अमक्या ओढ्याकाठच्या तमक्या झाडाचे बी या वर्षी कधी पडेल हे पुस्तकात नसते.

एक लहानशी गोष्ट जवळून दाखवतो. पिकलेल्या कुसळीचा एक दाणा तळहातावर घ्या. त्याला काळपट, दोरीसारखे पिळलेले लांब शेपूट असते. त्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि थांबा. काही क्षणांत पीळ उलगडू लागतो, शेपूट घड्याळाच्या काट्यासारखे फिरते आणि दाण्याचे टोकदार तोंड कातडीवर टोचते. वाळले की ते पुन्हा पिळते, भिजले की पुन्हा फिरते. पावसाच्या सरी आणि मधली उघडीप यांच्या आधारे हा दाणा स्वतःला मातीत पेरून घेतो. आता याचा कामाशी संबंध असा, की कुसळी घट्ट दाबलेल्या, बोडक्या मुरमावर टाकली तर तिला घुसायला भेग मिळत नाही आणि मुंग्या ती वेचून नेतात. तिथे आधी वरचा पापुद्रा दाताळ्याने ओरखडावा लागतो. शिवाय ताजे बी उगवत नाही, त्याला कित्येक महिन्यांची सुप्तावस्था असते. माझ्या पहिल्याच वर्षी आम्ही डिसेंबरात उगवणक्षमता तपासली, एकही दाणा उगवला नाही, आणि बी वांझ आहे असे समजून तीन पोती बी टाकून दिले. ते बी जूनमध्ये उगवले असते. बारा महिन्यांच्या आत निघून जाणाऱ्या माणसाला ही चूक कधी कळतच नाही, आणि तो तीच समजूत घेऊन पुढच्या संस्थेत जातो.

दुसरा प्रश्न जागेबद्दल विचारा. जिथे काम चालले आहे ती जमीन मुळात काय होती, हे संस्थेने कसे ठरवले? तुमच्या भागात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जमीन उथळ आणि मुरमाड आहे. अशा जागी गवताळ माळ आणि त्यावर विरळ हिवर, बोर, बाभूळ, तरटी हेच निसर्गाचे पूर्ण रूप आहे. ते तुटलेल्या जंगलाचे उरलेले तुकडे नव्हेत. जुन्या मराठी वाङ्मयातील आणि लोकपरंपरेतील झाडांचे व गवताचे उल्लेख गोळा करून संशोधकांनी अलीकडे हेच दाखवून दिले आहे, की काही शतकांपूर्वीही या पठारावर मोकळी माळरानेच होती. तरीही सरकारी नकाशांत अशा जमिनी पडीक म्हणून रंगवल्या जातात, आणि पडीक म्हटले की झाडे लावण्याचा मोह होतो. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली, त्यात शेवटच्या वर्षाचे लक्ष्य ३३ कोटींचे होते. त्यामागची कळकळ खरी होती, पण हिशेब रोपांच्या संख्येचा होता, आणि संख्येच्या हिशेबात गवताला जागा नसते.

मी हे बाहेरून बोलत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका संस्थेबरोबर अशाच एका माळावर काम केले आहे. आम्ही संपूर्ण उतारावर सलग समतल चर खोदले, भरावावर उंदीरमारी लावली आणि मधल्या पट्ट्यांत पिशवीतली रोपे लावली. उंदीरमारी, जिला आपण गिरिपुष्प म्हणतो, ती मूळची मध्य अमेरिकेतली आहे. ती जगली आणि वाढली, म्हणून आमचा अहवाल उत्तम झाला. चौथ्या वर्षी मी तिथे गेलो तेव्हा सावलीखाली गवत उरले नव्हते. त्या उतारावर पूर्वी धाविक पक्षी दिसत. ते उघड्या जमिनीवर, दोन दगडांच्या आडोशाने अंडी घालतात आणि चहूबाजूंनी लांबवर दिसेल अशीच जागा निवडतात. ते पुन्हा तिथे दिसले नाहीत. मेंढरे घेऊन येणाऱ्या धनगरांनीही वाट बदलली, कारण चारा संपला होता. त्या माळाचे जे नुकसान आम्ही केले ते भरून काढायला गेलो, तेव्हा उंदीरमारी तोडणे सोपे होते, पण चर खोदताना उलटी झालेली माती आणि तिच्यातली जुन्या गवतांची ठोंबे परत मिळाली नाहीत.

याचा अर्थ झाडे लावूच नयेत असा नाही. त्याच माळाच्या पायथ्याच्या ओढ्याकाठी उंबर, करंज, वाळुंज, जांभूळ यांची गरज असते. भीमेच्या खोऱ्यातल्या कित्येक ओढ्यांचे काठ आज वेड्या बाभळीने भरले आहेत. तिथे माणसे कमी पडतील इतके काम आहे. कोकणातल्या कातळसड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारांवर, तर नियम आणखी वेगळा आहे. तिथे बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, दीपकाडी अशा वनस्पती पावसाळ्यापुरत्या येतात, आणि त्या सड्यावर बाहेरची माती टाकून हिरवळ आणणे म्हणजे तो अधिवास पुसणेच होय. कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, पण त्याच जातीच्या शेकडो लहान सड्यांना कोणी ओळखतही नाही. चांगली फेलोशिप पहिले तीन महिने फक्त जमीन वाचायला शिकवते. जवळपास एखादी कमी बिघडलेली संदर्भजागा दाखवते, तिथल्या गवतांची यादी करून घेते आणि मगच कुदळ हाती देते.

तिसरी गोष्ट शिकवणाऱ्यांची. संस्थेत पीएच.डी. झालेले किती आहेत यापेक्षा स्थानिक माणसांना तिथे शिक्षक म्हणून मान आणि मोबदला आहे का, ते पाहा. भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या गावतळ्यांत, ढिवर समाजाच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, बेशरम ही फोफावणारी वनस्पती उपटून देशी पाणवनस्पती परत लावल्या आणि मासळीला आसरा दिला. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ज्ञान त्यांचे होते, संस्थेने फक्त ते नीट नोंदले आणि कामाला जोडले. तुमच्या भागात असे ज्ञान मेंढपाळांकडे आहे. बाभळीच्या बियांचेच पाहा. शेंगेतले कोरडे बी पेरले तर टणक सालीमुळे फार थोडे उगवते. पण शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात, रात्री वाड्यात रवंथ करताना बी बाहेर टाकतात, काही लेंड्यांतून पडते, आणि ते बी पहिल्या पावसात उगवते. मे महिन्यात एखाद्या वाड्यावर गेलात तर सकाळी झाडलोट करताना बाजूला काढलेला बियांचा ढीग दिसेल. मी आजही बाभळीचे बी तिथूनच विकत घेतो. विकत घेतो हे मुद्दाम लिहिले, कारण असे बी फुकट मागून नेण्याची वाईट सवय आमच्या क्षेत्रात आहे.

यावरूनच पैशाच्या मुद्द्यावर येतो. आपल्याकडे श्रमदानाची परंपरा मोठी आहे आणि तिचा मला आदर आहे, पण श्रमदानाच्या नावाखाली शिकलेल्या मुलामुलींना वर्षभर फुकट राबवणे योग्य नाही. जमिनीवरच्या कामाला दाम मिळाला पाहिजे हे महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात अनुभवले आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून मान्य केले. विद्यावेतन नसले की या क्षेत्रात फक्त ज्यांच्या घरी खायची ददात नाही तेच येतात, आणि ज्या गावांतली जमीन सावरायची त्या गावांतली मुले बाहेर राहतात. तुलनेसाठी सांगतो, नेट उत्तीर्ण संशोधकाची अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे, आणि २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. तुम्हाला देऊ केलेले २२ हजार हे या दोन टोकांच्या मध्ये आहेत. तालुक्याच्या गावी राहायचे असेल तर त्यात भागते, परंतु दोन अटींवर. राहण्याची सोय किंवा भाडे वेगळे मिळाले पाहिजे, आणि दुचाकीचे पेट्रोल तुमच्या खिशातून जाता कामा नये. रोज ४० किलोमीटर फिरावे लागले तर विद्यावेतनाचा मोठा लचका तिथेच तुटतो.

अपघात विमा लेखी मागा. माळावर फुरसे असते, ते लहान असते आणि दगडाखाली बसते. गुडघ्यापर्यंतचे बूट आणि जवळच्या ज्या रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष असते त्याचा पत्ता, या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशी मिळाल्या पाहिजेत. क्षेत्रावर मुक्काम करताना स्वच्छतागृहाची आणि सुरक्षित खोलीची सोय आहे का, हे विचारताना संकोच करू नका. ज्या संस्थेला हा प्रश्न जड वाटतो तिने मुलींना फेलो म्हणून बोलावू नये. करार नीट वाचा. अनेक संस्था विद्यावेतन व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवून दहा टक्के कर आधीच कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते, पण त्यासाठी कापलेल्या कराचे प्रमाणपत्र लागते.

आता लँडस्केपच्या नोकरीबद्दल. ती कमी प्रतीची आहे असे मला मुळीच वाटत नाही. येत्या काळात शहरांतला उन्हाळा सुसह्य करण्याचे काम बऱ्याच अंशी लँडस्केप करणारेच करणार आहेत. प्रश्न इतकाच आहे, की ती कंपनी काय लावते. सोसायटीच्या आवारात उन्हाळाभर टँकरच्या पाण्यावर जगवलेली हिरवळ, दुभाजकांवर ओळीने कोनोकार्पस हे विदेशी झाड आणि प्रवेशद्वाराशी परदेशी ताड, एवढेच तिचे काम असेल तर तुम्ही दोन वर्षांत कंटाळून जाल. कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी आणली, आपल्याकडे तो अजून सर्रास लावला जातो. याउलट छपरावरचे पाणी आवारातच मुरवणे, गुलमोहर आणि सोनमोहर वादळात उन्मळतात तिथे खोल मुळांची देशी झाडे आणणे, बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडून माती मोकळी करणे, ही कामे ज्या कंपनीत होतात तिथे माळरानावर शिकलेला माणूस सोने ठरतो. म्हणून क्रम असा ठेवा, की आधी फेलोशिप आणि मग नोकरी. उलट क्रमाने गेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना रोपवाटिकेच्या यादीत जे मिळते तेच निसर्गात असते असे वाटू लागते, आणि ती सवय मोडायला फार कष्ट पडतात.

पुढे पोट भरेल का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, पण एकाच ठिकाणच्या पगारावर भरेल याची खात्री नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांचे व्यवस्थापन आराखडे, ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्या, नगरपालिकांची वृक्षगणना, कारखान्यांची व विद्यापीठांची आवारे, खाणींच्या जमिनी, माझी वसुंधरा अभियानातली स्थानिक संस्थांची कामे, असे बरेच दरवाजे आहेत. या सगळ्या ठिकाणी गवते ओळखणारा माणूस मिळत नाही. झाडे ओळखणारे शंभर भेटतात, पण फुलोरा नसताना नुसत्या पेरावरून मारवेल सांगणारे फार थोडे असतात. फेलोशिपच्या काळात एकच कौशल्य पक्के करायचे असेल तर हे करा.

आणि नोंदी ठेवा, पण स्वतःच्या. संस्थेचा अहवाल जगलेल्या रोपांची टक्केवारी मागतो. तुम्ही त्यासोबत एक मीटरची चौकट घेऊन ठरलेल्या दहा जागी दर दोन महिन्यांनी बसा, चौकटीत कोणती गवते किती आहेत, उघडी माती किती आहे, लेंड्या आहेत का, मुंग्यांची वारुळे आहेत का, हे लिहा, आणि त्याच दगडावर उभे राहून त्याच दिशेने छायाचित्र घ्या. घाणेरी काढली असेल तर कशी काढली तेही लिहा. वरून छाटलेली घाणेरी पावसात दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या चमूने रूढ केलेली पद्धत अशी आहे, की जिथून कोंब फुटतात त्या भागाच्या खाली मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे मुळे मातीला लागून पुन्हा धरत नाहीत. त्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसात गवत पेरावे लागते, नाहीतर तिथे घाणेरीचीच नवी रोपे येतात. दोन पावसाळ्यांच्या अशा नोंदी तुमच्याकडे असल्या तर पुढच्या मुलाखतीत प्रमाणपत्र दाखवण्याची वेळ येणार नाही.

संस्थेने मुदत वाढवून द्यायला नकार दिला तर लगेच नाही म्हणू नका. ऑक्टोबरपासून रुजू होण्याची मुभा मागा. तशी मिळाली तर बारा महिन्यांतही बी गोळा करण्यापासून पावसाळ्यातली उगवण पाहण्यापर्यंतचा एक पूर्ण फेरा हाती लागतो, आणि मधल्या तीन महिन्यांत तुम्हाला ड्रायव्हिंग शिकून घेता येईल, ज्याचा क्षेत्रावर रोज उपयोग होतो. सही करण्याआधी मात्र एकदा त्यांची जागा पाहून या. कार्यालयात बसून त्यांचे सादरीकरण पाहू नका. त्यांनी तीन वर्षांपूर्वी काम केलेल्या माळावर न्यायला सांगा आणि रोपवाटिका सांभाळणाऱ्या बाईंशी अर्धा तास बोला. पिशव्यांवर बी कुठले आणि कधी गोळा केले याची चिठ्ठी आहे का पाहा, एखादे जुने रोप पिशवीतून काढून दाखवायला सांगा, आणि तळाशी मुळे गोल गुंडाळलेली दिसली तर अशा रोपांचे ते काय करतात, ते त्यांनाच विचारा.